न जुळणाऱ्या लोडला नेमकी किती पॉवर मिळते, हे सिम्युलेशनमध्ये कसे तपासावे

खानापूर, निपाणीकडे मराठी माध्यमात शिकून बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या विद्यार्थ्यांना परावर्तन गुणांकाचे सूत्र पाठ असते; लोडचा (पॉवर घेणाऱ्या भागाचा) रेझिस्टन्स सोर्सशी जुळला नाही, तर किती सिग्नल परत फिरतो हे तो गुणांक सांगतो. मात्र 'परत गेलेली' पॉवर सर्किटमध्ये कुठे दिसते, असे विचारले की बहुतेक जण सोर्सच्या रेझिस्टरकडे बोट दाखवतात. हे उत्तर बरोबर आहे का, हे स्वतः मोजून पाहता येते.

एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेशनचे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. २ व्होल्ट पीक आणि १० मेगाहर्ट्झचा साइन सोर्स घ्यावा, त्याला ५० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये वेगळा जोडावा (सोर्सच्या सेटिंगमध्ये लपवू नये, कारण आपल्याला त्यातली पॉवरही पाहायची आहे) आणि पुढे ५० ओहमचा लोड लावावा. ट्रान्झियंट रन (वेळेनुसार सर्किट चालवून पाहणे) २ मायक्रोसेकंदांचा ठेवून पहिला एक मायक्रोसेकंद सोडून द्यावा, म्हणजे उरलेल्या भागात बरोबर १० पूर्ण आवर्तने येतात. आल्ट दाबून लोडवर क्लिक केल्यास क्षणोक्षणीच्या पॉवरचा आलेख येतो आणि कंट्रोल दाबून त्या आलेखाच्या नावावर क्लिक केल्यास सरासरी कळते. येथे ती १० मिलिवॅट येईल. सोर्स लोडला जास्तीत जास्त एवढीच पॉवर देऊ शकतो. व्होल्टेजचा वर्ग भागिले आठपट रेझिस्टन्स, हे या मर्यादेचे सूत्र पीक मूल्यासाठी आहे. आरएमएस मूल्य घेतल्यास भाजक चौपट रेझिस्टन्स असतो, आणि ही गल्लत झाली की उत्तर थेट ३ डेसिबलने चुकते.

आता लोड १०० ओहम करावा. परावर्तन गुणांक (१०० − ५०)/(१०० + ५०), म्हणजे १/३, त्याचा वर्ग, म्हणजे परत जाणाऱ्या पॉवरचा वाटा, १/९, म्हणून लोडला १० चे ८/९, म्हणजे ८.८९ मिलिवॅट मिळतात. लोड २५ ओहम केला तरी आकडा तोच येतो. मात्र याच वेळी सोर्सच्या रेझिस्टरमधली सरासरी अवश्य पाहावी: १०० ओहमला ती ४.४४ मिलिवॅट असते आणि २५ ओहमला १७.७८. परत गेलेले १.११ मिलिवॅट खरोखरच त्या रेझिस्टरमध्ये जळत असते, तर जुळलेल्या स्थितीतल्या १० मध्ये भर पडून दोन्ही वेळी ११.११ दिसले असते. तसे दिसत नाही, कारण परावर्तित पॉवर म्हणजे सोर्स देऊ शकत असलेली आणि लोडने प्रत्यक्ष घेतलेली पॉवर यांतला फरक आहे. सोर्सच्या आत किती उष्णता होईल, हे त्यातून ठरत नाही.

यानंतर ५० ओहमच्या लोडला सिरीजमध्ये ०.७९६ मायक्रोहेन्रीचे इंडक्टर जोडावे. १० मेगाहर्ट्झला त्याचा रिअॅक्टन्स (पॉवर न जाळता एसी करंटला होणारा विरोध) ५० ओहम होतो. या पूर्ण लोडवरचे पीक व्होल्टेज १.२६५ व्होल्ट आणि पीक करंट १७.८९ मिलिअँपिअर वाचून त्यांचा अर्धा गुणाकार केला, तर ११.३ येतात. सोर्सची मर्यादा १० मिलिवॅट असताना हे शक्यच नाही; फेज, म्हणजे व्होल्टेज आणि करंट यांच्या लहरींतला वेळेचा फरक, न धरल्यामुळे हा आकडा फुगतो. त्याऐवजी व्होल्टेज गुणिले करंट असा ट्रेस काढून त्याची सरासरी घ्यावी, ती ८ मिलिवॅट येते. सरासरी ऋण आली, तर करंटची दिशा उलटी धरली गेली आहे असे समजावे.

शेवटी ३१८ पिकोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये टाकला की रिअॅक्टन्स कटतो आणि पुन्हा १० मिलिवॅट मिळतात; पण सोर्स २० मेगाहर्ट्झवर नेऊन पाहावा, तेच सर्किट लोडला केवळ ६.४ मिलिवॅट देते.