मॉडेल रेल्वेच्या डब्यांत आणि इंजिनात एलईडी कसे बसवावेत

माझ्याकडच्या एका जुन्या डब्याच्या छताला आतून फोड आल्यासारखा उंचवटा आहे. गव्हाच्या दाण्याएवढा बल्ब त्या छताला जवळजवळ टेकलेला होता आणि एका संध्याकाळी मी गाडी दोन तास फिरवत ठेवली. असा बल्ब १२ व्होल्टवर ५०-६० मिलिअँपिअर सहज ओढतो. म्हणजे बंद डब्यात अर्ध्या वॅटहून जास्त उष्णता. एलईडीला दोन-चार मिलिअँपिअर पुरतात आणि तो हाताला गरमही लागत नाही.

खाली सगळं एचओ मापासाठी, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या आणि १६.५ मिमी रुळांच्या गाड्यांसाठी सांगतो आहे.

आधी रुळात काय वाहतं ते ओळखा

कंट्रोलरचा नॉब फिरवला की गाडी वेग घेते आणि दिशा बदलली की रुळांचे प्लस-मायनस उलटतात, तर तुमची यंत्रणा साधी डीसी. रुळात शून्य ते १२ व्होल्ट. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) मात्र गाडी उभी असतानाही रुळात साधारण १४-१५ व्होल्ट कायम असतात आणि इंजिनातला डिकोडर मोटर व दिवे सांभाळतो. पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

सामान

३ मिमीचे वॉर्म व्हाइट एलईडी, पाव वॅटचे रेझिस्टर, छोटा ब्रिज रेक्टिफायर (रुळांचे प्लस-मायनस उलटले तरी दिव्यांना एकाच दिशेने वीज देणारा भाग), ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, बारीक वायर, हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की जोडावर आवळून बसणारी नळी), २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर. पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळून जातं. पांढराशुभ्र 'कूल व्हाइट' एलईडी घेऊ नका. वाफेच्या किंवा जुन्या डिझेल इंजिनामागे तो निळसर उजेड ट्यूबलाइटसारखा दिसतो.

रेझिस्टर ठरवा

पांढरा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो. १२ मधून ३ गेले, उरले ९. चार मिलिअँपिअर हवे असतील तर २.२ किलोओहम, म्हणजे लाल-लाल-लाल पट्ट्यांचा रेझिस्टर. हेडलाइटला तो ठीक आहे. डब्यासाठी मात्र मी १० किलोओहम (तपकिरी-काळा-नारिंगी) वापरतो. एक मिलिअँपिअरच्या आत प्रवाह, तरी उजेड पुरतो. खरी गाडी रात्री दुरून जाते तेव्हा खिडक्या मंद पिवळ्या दिसतात, लग्नाच्या मांडवासारख्या झगमगत नाहीत. शंका आली की उजेड कमी करा.

बसवण्यापूर्वी प्रत्येक एलईडी रेझिस्टरसकट ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावून बघा. लांब पाय प्लस, आखूड मायनस.

इंजिनाचे दिवे

साध्या डीसीवर इथे एक सुंदर सोय आहे. पुढचा आणि मागचा एलईडी एकमेकांना उलटे जोडा: एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला, दोन्ही टोकांना. मग या जोडीला एकच रेझिस्टर लावून ती पिकअपच्या (चाकांमधून रुळातली वीज घेणाऱ्या पट्ट्यांच्या) दोन वायरींना जोडा. गाडी पुढे निघाली की पुढचा लागतो, मागे निघाली की मागचा. शिवाय एक पेटलेला असताना दुसऱ्यावर उलटा दाब जेमतेम ३ व्होल्टचा येतो. एकटा एलईडी लावला तर उलट दिशेत त्याच्यावर सगळे १२ व्होल्ट येतात आणि बहुतेक एलईडींची मर्यादा ५ व्होल्टची असते. एकटाच लावायचा असेल तर त्याच्यासोबत ओळीत एक १एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला.

डीसीसीमध्ये डिकोडरची निळी वायर प्लस, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या. लांब पाय निळ्याला, आखूड पाय पांढऱ्या किंवा पिवळ्याला, आणि प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर. तो विसरलात तर एलईडी क्षणात जातो.

डब्यातले दिवे

बाजारातली १२ व्होल्टची एलईडी पट्टी कापून छताला चिकटवणं सर्वांत सोपं वाटतं. मीही तेच केलं होतं. पट्टीत तीन-तीन एलईडी एकामागून एक जोडलेले असतात, त्यामुळे ९ व्होल्टच्या आसपास पोचेपर्यंत ती नीट उजळत नाही. गाडी मात्र तीन-चार व्होल्टवरच हलते. परिणामी गाडी डौलात हळूहळू स्टेशनात शिरायची आणि डबे काळेठिक्कर. डीसीसीवर पट्टी उत्तम, फक्त कात्रीच्या खुणेवरच कापा. डीसीवर एकेक एलईडी, प्रत्येकाला आपला रेझिस्टर, आणि सगळे समांतर जोडलेले. साडेचार व्होल्टच्या आसपास ते उजळू लागतात.

आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) खरा डबा २१ मीटरपेक्षा थोडा लांब, म्हणजे एचओमध्ये जवळपास साडेचोवीस सेंमी. त्याला पाच-सहा एलईडी पुरतात.

जोडणीचा क्रम असा. चाकं धातूची हवीत. प्लास्टिकची असतील तर आधी बदला. फॉस्फर ब्राँझची पातळ पट्टी चाकाच्या मागच्या बाजूला हलकेच टेकेल अशी बसवा आणि उतारावर डबा सोडून बघा, आपोआप घरंगळला पाहिजे. अडखळला तर पट्टी फार दाबते आहे. पिकअपच्या दोन्ही वायरी ब्रिज रेक्टिफायरच्या एसी टोकांना जोडा, त्याच्या प्लस-मायनसला ते समांतर जोडलेले एलईडी. आता गाडी कुठल्याही दिशेने जावो, दिवे लागतील.

रुळावरच्या धुळीने दिवे लुकलुकतात. म्हणून रेक्टिफायरनंतर क्षणभर पुरेल एवढी वीज साठवणारा कपॅसिटर, आणि त्याच्या पायात १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे सुरुवातीला तो एकदम प्रवाह ओढणार नाही. डीसीसीवर दहा डबे एकाच वेळी तसा प्रवाह ओढू लागले तर बूस्टर (रुळाला वीज पुरवणारं यंत्र) त्याला शॉर्ट समजून बंद पडू शकतो. कपॅसिटरचे पाय उलटे जोडू नका, तो फुटतो.

छत लावण्यापूर्वी

खोलीतले दिवे मालवून डबा पेटवा. प्लास्टिकच्या भिंतीच लालसर उजळलेल्या दिसतील. आतून आधी काळ्या आणि त्यावर पांढऱ्या रंगाचा हात द्या. प्रत्येक उघडा जोड हीट श्रिंकखाली गेला आहे ना, हे बोटाने चाचपा. आणि छत इन्स्टंट ग्लूने चिकटवू नका: त्याच्या वाफेने खिडक्यांची पारदर्शक तावदानं आतून पांढरी धुरकट होतात. दोन्ही टोकांना दुहेरी टेपचा लहानसा तुकडा पुरतो.