'टेक' म्हणजे नुसतं 'घेणे' नव्हे: या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्याला मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिशची बॅच घेते. पहिल्या दिवशी 'टेक' म्हणजे काय असं विचारलं की अख्खी बॅच एका सुरात ओरडते, 'घेणे!' शाळेत घोकलेलं असतं ना. पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

माझ्या एका विद्यार्थिनीची ऐरोलीतल्या नोकरीसाठी व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. समोरची बाई इंग्लंडची. ही म्हणाली, 'आय गेव्ह माय फायनल एक्झाम इन मे.' बाईने कौतुकाने विचारलं, 'ओह, यू टीच?' पोरीला कळेना, आपण मास्तरीण कधी झालो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि सर घेतात. इंग्रजीत विद्यार्थी 'टेक' करतो, 'गिव्ह' करतात ते सर. आपल्याकडे 'गिव्ह द एक्झाम' सर्रास चालतं, कोणी अडवत नाही. बाहेरच्या माणसाशी बोलताना मात्र 'आय टुक द एक्झाम' म्हणा. (मी बॅच 'घेते' हेही 'आय टेक अ क्लास' असं सांगितलं, तर मीच शिकायला जाते असं अनेकांना वाटेल. मी 'आय टीच' म्हणून मोकळी होते.)

मुळात हा शब्द इंग्रजांच्या घरचा नाही. उत्तरेकडून व्हायकिंग नावाचे दर्यावर्दी लोक आले, इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतला 'टाका' इंग्रजीत शिरला. त्याआधी तिथे घेण्यासाठी 'निमन' होता, जर्मन 'नेमेन'चा भाऊबंद. नव्याने जुन्याला हाकललं, पण एक खूण उरली. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर आपला ओठ 'नम' म्हणजे बधिर होतो, तो शब्द याच 'निमन'चा; म्हणजे संवेदना 'घेतलेला' ओठ.

'टाका'च्या गॉथिक या लुप्त झालेल्या युरोपीय भाषेतल्या नातलगाचा अर्थ होता स्पर्श करणे. आपल्या 'लागणे'तही स्पर्श आहेच, आणि वेळ 'लागतो' तिथे इंग्रज 'टेक'च वापरतो! ठाण्याहून वाशीला जायला ट्रान्सहार्बर लोकलने साधारण अर्धा तास लागतो. याचं इंग्रजी करताना मुलं 'हाफ अवर इज रिक्वायर्ड' म्हणतात, नाहीतर 'टाइम टेक्स हाफ अवर'. 'इट टेक्स हाफ ॲन अवर' म्हणा. यातला 'इट' कोण, असं विचारू नका. इंग्रजीला वाक्यात कर्ता बसवल्याशिवाय चैन पडत नाही, एवढंच.

'घेऊन ये'चं 'टेक अँड कम' करू नका. इंग्रजीत आणणं म्हणजे 'ब्रिंग', नेणं म्हणजे 'टेक'. येणं-जाणं त्या एकेका शब्दातच आलं. ऑफिसात बसलेल्या साहेबांना फोनवर 'फाइल घेऊन येतो' सांगायचं तर 'आय विल ब्रिंग द फाइल'.

खरेदीला 'टुक' लावू नका. 'आय टुक अ न्यू मोबाइल फ्रॉम द शॉप' ऐकून दुकानदार सीसीटीव्ही बघायला धावेल. 'बॉट' म्हणा. घोडबंदरला फ्लॅट घेतला तर तिथेही 'बॉट'च, कारण 'टुक अ फ्लॅट'चा अर्थ भाड्याने घेतला असा होतो.

माझं मत विचाराल तर 'टेक'ची मराठी जुळी बहीण 'घेणे' नव्हे, 'काढणे' आहे. फोटो काढा, सुट्टी काढा, कर्ज काढा, दुपारी डुलकी काढा: चारही ठिकाणी 'टेक' बसतं. पुढे शेपूट जोडलं की आणखी जमतं. बूट काढले, 'टुक ऑफ'. डॉक्टरांनी दात काढला, 'टुक आउट'. नव्या बॅचला मी आता 'टेक'ची सुरुवात 'काढणे'पासूनच करून देते.

रूपांची चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चिवट: 'डिड यू टुक द टॅब्लेट?' मराठीत 'घेतलीस का?' म्हटलं की भूतकाळ क्रियापदातच येतो, म्हणून मुलं 'डिड'मध्ये एकदा आणि 'टुक'मध्ये पुन्हा असा दोनदा भूतकाळ लावतात. 'डिड' आलं की पुढे साधं 'टेक'. 'हॅव' आलं की 'टेकन', म्हणजे 'आय हॅव टेकन द टॅब्लेट'. 'हॅव टुक' कधीच नाही.