इकॉलॉजी आणि उत्क्रांतीत पीएचडी: बडोद्यातून करायची तयारी

प्राणी-पक्षी आवडतात एवढ्यावर पीएचडी प्रवेशाची मुलाखत निभत नाही. हेच का मोजलं, इतक्याच वेळा का, हे विचारलं जातं. म्हणून अर्ज भरण्याआधी निदान एक हिवाळा स्वतः माहिती गोळा करा.

बडोद्याला जागांची कमी नाही. डभोईजवळचा वढवाणा तलाव २०२१ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे आणि थंडीत तिथे पट्टकादंब, चांदवे, नाना जातींची बदकं उतरतात. काठावर एकमेकांपासून किमान ३०० मीटर अंतराच्या सहा-आठ जागा ठरवा. ८×४२ची दुर्बीण पुरते, पण दूरच्या थव्यासाठी स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची ताकदवान दुर्बीण) उसना मिळाला तर उत्तम. सूर्योदयानंतरच्या दोन-तीन तासांत प्रत्येक जागी १० मिनिटं मोजा आणि दर खेपेला जागांचा क्रम बदला, नाहीतर शेवटच्या जागेची गणती कायम उशिराची ठरेल. वारा, पाण्याची पातळी, माणसांची वर्दळ लिहा. पक्षी दिसला नाही तर ० लिहा. रिकामा रकाना आणि शून्य या वेगळ्या गोष्टी आहेत. पाणकणसात दडलेला पक्षी दिसत नाही, म्हणून तो तिथे नाही असं होत नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास निघतो.

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरींवर काम करायचं असेल तर थंडीत ऊन खाणाऱ्या मगरी पुलावरून मोजा, तेवढंच. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला सर्वांत कडक संरक्षण आहे. घरटी आणि अंडी यांपासून लांब राहा. जांबुघोडा अभयारण्यात काम करायचं तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हवी. तिला वेळ लागतो, त्यामुळे मार्गदर्शकांमार्फत अर्ज पावसाळ्यातच द्या.

खरी अडचण घरी आल्यावर सुरू होते. ५/११ लिहिलं की एक्सेल कधी ५ नोव्हेंबर समजतं, कधी ११ मे. २०२५-११-०५ असंच लिहा. एका ओळीत एक निरीक्षण ठेवा, मूळ फाइलला हात लावू नका. विश्लेषणासाठी मोफत मिळणारी ‘आर’ ही भाषा शिका. एकाच तलावावर ४० वेळा मोजलंत तरी तलाव एकच राहतो. ‘शहराजवळच्या तलावांत पक्षी कमी’ असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. त्यासाठी अनेक तलाव लागतात. बऱ्याच गणत्या शून्य आणि एखादा थवा ८०० चा, अशी माहिती गणत्यांसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या प्वासाँ या सांख्यिकी मॉडेलला पेलत नाही, कारण त्यात सरासरी आणि व्हेरिअन्स (आकड्यांचा विखुरलेपणा) सारखे धरलेले असतात. तिथे निगेटिव्ह बायनॉमियल मॉडेल वापरून पाहा.

परीक्षांपैकी गेट या राष्ट्रीय परीक्षेत ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ हा स्वतंत्र पेपर आहे: तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, त्यांतले १५ सामान्य क्षमतेचे. बहुपर्यायी प्रश्न चुकला तर गुण कापतात, संख्या भरायच्या प्रश्नाला कापत नाहीत. तो कोरा सोडू नका. गणिताची धास्ती असणारे इथेच गुण घालवतात. अप्रभावी (रिसेसिव्ह) लक्षण ९ टक्क्यांत दिसतं, तर हार्डी-वाइनबर्ग या नियमानुसार त्या जनुकरूपाचं प्रमाण q ०.३ आणि विषमयुग्मी (दोन वेगळी जनुकरूपं असलेले) ०.४२. उत्तर टक्क्यांत मागितलं असेल तर मात्र ४२. उत्क्रांतिवृक्ष वाचताना शेजारी छापलेल्या प्रजाती जवळच्या समजू नका. नातं सामाईक पूर्वजाच्या सांध्यावरून ठरतं. संशोधनवृत्तीसाठीच्या सीएसआयआर-नेट परीक्षेच्या जीवशास्त्रात या विषयांची वेगळी प्रकरणं आहेत, पण बाकी जीवशास्त्रही करावं लागतं. आधी एमएस्सी करायची असेल तर बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतला वन्यजीव अभ्यासक्रम दर वर्षी विद्यार्थी घेत नाही, वर्ष तपासून घ्या.

कागदपत्रांत मराठी घरांनी एक गोष्ट बघावी. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल, तर अर्जात ओळखपत्राप्रमाणे नाव लिहा आणि सगळीकडे तेच ठेवा. ओबीसीचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं हवं. राज्याचं चालत नाही. तुमची जात ओबीसींच्या केंद्रीय यादीत कोणत्या राज्याखाली येते, हे आधी पाहा, कारण नुसतं राज्याच्या यादीत असणं पुरत नाही.

परदेशात अर्ज करायचा असेल तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मुदत डिसेंबरात संपते आणि सहसा तीन शिफारसपत्रं लागतात. सप्टेंबरातच संभाव्य मार्गदर्शकांना अर्ध्या पानाचं पत्र पाठवा: त्यांचा कोणता शोधनिबंध वाचला, त्यातून कोणता प्रश्न पडला आणि तुमच्या माहितीत काय आढळलं. शिफारस देणाऱ्या शिक्षकांना निदान सहा आठवडे आधी सांगा आणि सोबत प्रकल्पाचा एक पानी गोषवारा द्या, नाहीतर पत्रात ‘विद्यार्थी मेहनती आहे’ यापलीकडे काही उतरत नाही.