ट्रेलरची सेफ्टी चेन फ्रेमला पक्की बसवताना

अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं राहण्याचं फिरतं घर) घेतलात, त्यातही जुना, तर आधी खाली वाकून सेफ्टी चेन, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर त्याला धरून ठेवणारी साखळी, नक्की कशाला जोडली आहे ते बघाच. ती कपलरच्याच (गाडीच्या हिच बॉलवर बसणारा ट्रेलरचा पुढचा जोड) बोल्टला लावलेली असेल तर लगेच बदला. कपलर उखडला की चेनही त्याच्यासोबत जाणार, मग तिचा उपयोग काय? चेनचं टोक थेट ए-फ्रेमच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या A आकाराच्या सांगाड्याच्या, पोलादात हवं.

बोल्ट ग्रेड 8 चा, म्हणजे जास्त ताकदीचा, घ्या. त्याच्या डोक्यावर सहा रेघा असतात. कडी डोक्यावरून निसटू नये म्हणून जाड, रुंद वॉशर आणि लॉकनट लावा. ग्रेड 70 ची (उष्णता-प्रक्रियेने मजबूत केलेली) चेन मात्र वेल्डिंग करून जोडू नका, उष्णतेने तिची ताकद जाते. प्रत्येक चेन आणि हुक ट्रेलरच्या कमाल भारित वजनाला पुरेल इतका मजबूत हवा.

गाडीला लावताना दोन्ही चेन कपलरखाली फुलीसारख्या ओलांडा. ट्रेलर सुटलाच तर पुढचा दांडा त्या झोळीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. वळणापुरती ढील ठेवा, पण चेन जमिनीला घासू देऊ नका. आखूड करायला पीळ देतात, ते मला अजिबात पटत नाही: कड्या तिरक्या ताणल्या जाऊन कमकुवत होतात.