घराण्याची कहाणी लिहिताना या चुका टाळा

पणजीवर लिहिलेली अकरा पानं मी आत्याला वाचायला दिली. वाचून झाल्यावर चष्मा काढत ती म्हणाली, "छान आहे रे, पण यात माझी आजी कुठंय?"

खरंच नव्हती. पहिली दीड पानं गोत्र, कुलदैवत आणि बडोद्याला आधी कोण आलं यात गेली होती. मग सयाजीराव महाराज: १८७५चं दत्तकविधान, बडोदा कॉलेज, कलाभवन, झाडून सगळं. शोधायला इतका घाम गाळला, मग सोडायचं कसं? सगळ्यांत जास्त घात हाच मोह करतो. महाराज पणजीच्या आयुष्यात जेवढे आले, तेवढेच तिच्या कहाणीत यावेत. बाकीचं टिपणवहीत राहू द्या.

त्याच पानावर मी ठोकून दिलं होतं, 'सक्तीच्या शिक्षणामुळे पणजी शिकली.' आता, १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, हे खरं. पण कायदा होता म्हणजे आमची पणजी शाळेत गेलीच, हे कुणी सांगितलं? मग ट्रंकेत दांडिया बाजारातल्या घराचं गहाणखत सापडलं. तो परिच्छेद आता असा आहे: 'सक्तीचा कायदा संस्थानभर लागू झाला तेव्हा पणजी सहा वर्षांची होती. शाळेचा दाखला मिळाला नाही. पण गहाणखतावर जाऊबाईंचा अंगठा आहे आणि त्याखाली पणजीची बाळबोध सही, नवशिक्या हाताची, शेवटचं अक्षर रेघ सोडून वर गेलेलं.'

सहा वर्षांची हे तरी कशावरून? पत्रिकेत माघ, शके १८२१ आहे. शकात ७८ मिळवून चुलतभावाने १८९९ लिहिलं आणि तेच सगळीकडे पसरलं. माघ येतो इंग्रजी वर्ष बदलल्यावर, तिथे ७९ मिळवायचे, म्हणजे १९००. गुजराती कागदात संवत असेल तर आणखी सांभाळा: इथलं संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतं. पणजीचा माघ संवत १९५६चा, म्हणजे ऐन छपन्निया दुष्काळातला. हे कळल्यावर बाळंतपणाचा प्रसंग लिहिताना माझाच हात थबकला.

प्रत्येक परिच्छेद 'सन अमुक साली' असा सुरू झाला की वाचणाऱ्याला सातबारा वाचल्यासारखं वाटतं. साल मधूनच येऊ द्या. सनावळीचा तक्ता शेवटी जोडला की काम भागतं.

नावांचा घोळ तर घरोघरी. नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे एकाच पानावर दोघे एकाच नावाचे. घरात हाक मारायचे तीच वापरा: तात्या, भाऊ. बायकांचं माहेरचं नाव लग्नात बदललेलं असतं. जुन्या कागदांत त्या सापडत नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. कहाणीत ते बदललेलं एकदा नीट सांगा, पुढे एकच नाव ठेवा.

दुसरा खर्डा मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. अडखळलो ती वाक्यं जागीच तोडली. सहीपाशी तिने हात वर केला. "नवशिकी कसली! रोज पोथी वाचायची ती, पत्रं लिहायची. त्या साली मनगट मोडलं होतं तिचं."

'नवशिक्या हाताची' एवढं खोडलं.