वंशावळ शोधायची तर आधी शेत शोधा

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत पुणे जिल्ह्यातल्या गावांत जुनी आहे. त्यामुळे शंभर वर्षांच्या कागदांत ‘राघू बिन तुका’ (म्हणजे तुकाचा मुलगा राघू) आणि ‘तुका बिन राघू’ आलटून पालटून भेटतात, आणि भावकीतल्या चुलत घरातही तीच दोन नावं असतात. नुसत्या नावाच्या मागे गेलात तर दुसऱ्याचा पणजोबा आपल्या वंशावळीत येऊन बसतो. जमीन मात्र जागची हलत नाही. म्हणून पिढी कोणतीही असो, ती सर्व्हे नंबराला बांधून मागे जायचं.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर बहुधा गट नंबर असेल, पण जुन्या कागदांत तो नंबर सापडणार नाही. 1947 च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर गावोगावी योजना राबवली गेली आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. कुठला सर्व्हे नंबर कुठल्या गटात गेला ते तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात कळतं. अर्जात ‘एकत्रीकरणाचा, जुना सर्व्हे नंबर व नवीन गट नंबर दाखवणारा उतारा’ असं सविस्तर लिहा. नुसतं ‘जुना उतारा’ लिहिलं तर जुना सातबारा हातात पडतो.

आता फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. शेवटच्या नंबरापासून एकेक उतारा मागत मागे चला. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी 1903 च्या कायद्याने आली आणि 1913 मध्ये जमीन महसूल कायद्यात सामील झाली, त्यामुळे ही साखळी साधारण त्या काळापर्यंत पोचते. सगळ्यांत मोलाचा तो वारसाचा फेरफार: मयत कोण, वारस कोण, नातं काय. यातल्या नात्यावर बराच विश्वास ठेवता येतो, मृत्यूच्या तारखेवर कमी. माणूस गेल्यावर कित्येक वर्षांनी नोंद लावलेली असते आणि तलाठ्याला कुणीतरी अंदाजाने साल सांगितलेलं असतं.

तीन खुणा ओळखता आल्या नाहीत तर वंशावळ चुकते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. खात्यावर थोरल्याचंच नाव लागतं आणि धाकटे भाऊ कागदावरून नाहीसे होतात; ते पुढे वाटपाच्या फेरफारात एकदम उगवतात, तेव्हा त्यांना नवे लोक समजू नका. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. त्याच्यापुढचं नाव अनेकदा आईचं किंवा चुलत्याचं असतं, आणि तेवढ्यावरून बाप आधीच वारला असावा हा अंदाज बांधता येतो. ‘कोम’ म्हणजे ची बायको: ‘काशीबाई कोम राघू’. काशीबाईला राघूची मुलगी लावून टाकण्याची चूक फार होते.

मुलींचा माग 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारांत क्वचितच लागतो. त्यानंतरची हक्कसोडपत्रं अवश्य काढा. सगळ्या बहिणींची नावं, सासरची आडनावं, कधी सासरचं गावही एकाच कागदावर मिळतं. सोयरिकीचा इतका नीटस दाखला दुसरीकडे मिळणं कठीण.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जुनी पुस्तकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. एकच साल मागू नका, आधीची आणि नंतरची पाच-पाच वर्षं मागा. शाळेचं जनरल रजिस्टर जातीसाठी, बापाच्या नावासाठी आणि गावासाठी उत्तम. जन्मतारीख 1 जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली आहे असं धरून चाला.

अर्जात गावाचं नाव बुद्रुक की खुर्द हे लिहिलंच पाहिजे. तालुकाही त्या काळचा लागतो. 1885 च्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेल्या जिल्ह्याच्या माहितीग्रंथात, जिल्ह्याचे तालुके आठच आहेत: जुन्नर, खेड, मावळ, हवेली, शिरूर, पुरंदर, भीमथडी आणि इंदापूर. बारामती, दौंड, मुळशी, आंबेगाव तालुका म्हणून त्यात नाहीत. बारामती आणि दौंडकडची गावं भीमथडीत बघा. भोर 1948 पर्यंत संस्थान होतं, त्यामुळे तिथली गावं इंग्रजी अमलाच्या जिल्हा दप्तरात शोधत बसू नका.

1818 च्या, म्हणजे पेशवाई संपल्याच्या मागे जायचं तर पुणे पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ. इथे मनाची तयारी हवी. घराकडे पाटीलकी, कुलकर्ण, चौगुलकी, बलुतं किंवा इनाम असेल तर गावझाडे (गावच्या जमिनींचे हिशेब), महजर (पंचांसमोरचे निवाडे), इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढच्या कैफियती (लेखी म्हणणी) यांत नावं सापडण्याची आशा असते. वतनाच्या भांडणात तर चार-पाच पिढ्या एका दमात सांगितलेल्या असतात. मात्र ती सांगणाऱ्याची बाजू असते, प्रतिवादीची कैफियतही वाचा. असं काही नसलेल्या साध्या शेतकऱ्याचं नाव मिळणं अवघड आहे.

कागद मोडीत असतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून अक्षरं तिला सलग लटकवतात, शब्द तोडत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. सुरुवातीला पूर्ण ओळ वाचायला जाऊ नका. ‘बिन’ शोधा, त्याच्या अलीकडे मुलगा, पलीकडे बाप.

तारखेत लोक हमखास अडकतात. शकात चैत्रापासून डिसेंबरअखेर 78 मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन 79. शुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली दुसरी कालगणना; तो अरबी शब्दांत लिहितात आणि तो मृगाला बदलतो: ‘सीत सितैन मया व अलफ’ म्हणजे 6, 60, 100 आणि 1000, एकूण 1166. मृगापासून डिसेंबरअखेर 599 मिळवा, पुढे 600. म्हणजे हा कागद 1765-66 चा. दक्षिणेतल्या फसलीत, म्हणजे महसुलाच्या सनात, 590 किंवा 591 मिळवा. कागदावर नुसता आकडा असेल तर आधी सन कोणता ते ठरवा. शुहूरला फसली समजलात तर नऊ वर्षं चुकतात आणि बाप-लेकाचा क्रम उलटा होऊ शकतो.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या वह्या वेगळ्या वाटेने त्याच घरापर्यंत पोचवतात. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं, आजचा पत्ता उपयोगाचा नाही. यात्रेकरूने स्वतः सांगितलेली नावं असल्यामुळे भाऊ, मुलगे आणि बायकांचीही नावं मिळू शकतात.

पानशेत, वरसगाव, पवना या धरणांखाली गेलेल्या गावांची घरं असतील तर आजच्या सातबाऱ्याची साखळी पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीशी येऊन तुटते. तो वाटपाचा फेरफार नीट वाचा. बुडालेल्या गावाचं नाव त्यात मिळालं की मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात त्या गावाच्या नावाने नवा अर्ज करा, आणि तिथून पुन्हा सर्व्हे नंबर धरून मागे चला.