विज्ञान प्रदर्शनासाठी तीन प्रयोग: डोळा, कान आणि जिभेचा मेंदूपर्यंतचा रस्ता

प्रदर्शनात थर्माकोलचा मेंदू मांडला की परीक्षक दोन मिनिटांत पुढच्या टेबलाकडे सरकतात. त्यापेक्षा त्यांनाच खुर्चीत बसवा. खालचं सगळं सामान साताऱ्याच्या बाजारात एका फेरीत मिळतं. मात्र प्रत्येक प्रयोगानंतर ‘हे नेमकं कुठं घडलं?’ या प्रश्नाचं उत्तर मुलांना देता आलं पाहिजे, नाहीतर ती नुसती गंमत होते.

डोळ्याचा प्रयोग स्वस्तात होतो. पांढऱ्या कार्डशीटवर डावीकडे फुली काढा आणि तिच्यापासून ८ सेंटिमीटरवर उजवीकडे १ सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका. डावा डोळा तळहातानं झाकायचा. नुसता मिटला तर उजवाही किलकिला होतो. उजव्या डोळ्यानं फुलीकडे बघत कार्ड हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका गायब होतो, कारण दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशीही नसतात आणि शंकुपेशीही. आता ठिपक्यातून जाणारी उभी निळी रेघ काढा, वर ५ आणि खाली ५ सेंटिमीटर. पुन्हा तेच करा. ठिपका जातो, रेघ मात्र अखंड दिसते. त्या जागेची काहीच खबर डोळ्याकडून येत नाही. रेघ सांधतो तो मेंदू. प्रयोग फसतो तो बहुधा नजर ठिपक्याकडे पळाल्यामुळे.

तक्त्यावर एक चूक हमखास असते: ‘डाव्या डोळ्याची माहिती उजव्या मेंदूला जाते.’ तसं नाही. प्रत्येक डोळ्यातले नाकाकडच्या अर्ध्या भागाचे तंतू पलीकडे जातात, कानाकडच्या भागाचे त्याच बाजूला राहतात. म्हणून दृश्याची उजवी बाजू, दोन्ही डोळ्यांनी पाहिलेली, डाव्या मेंदूत पोचते. तिथून थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमध असलेलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र, आणि मग डोक्याच्या पार मागचा भाग.

कानाच्या प्रयोगाला गवंडी वापरतात ती लेव्हलची पारदर्शक नळी घ्या. नवी, १ मीटर लांब. बरोबर मध्यावर मार्करनं खूण करा, दोन्ही बाजूंना दर सेंटिमीटरला एकेक. बसणाऱ्यानं टोकं दोन्ही कानांच्या तोंडाशी टेकवायची, आत खुपसायची नाहीत. नळी पाठीमागून न्यायची, म्हणजे ठोकणारा दिसत नाही. पेन्सिलीनं हलकेच टकटक करा आणि आवाज डावीकडून आला की उजवीकडून, एवढंच विचारा.

मध्यापासून फक्त १ सेंटिमीटर बाजूला ठोकलं तरी बरेच जण बरोबर सांगतात. हिशेब मुलांकडूनच करून घ्या. एक बाजू १ सेंटिमीटरनं कमी आणि दुसरी तेवढीच जास्त, म्हणजे फरक २ सेंटिमीटर. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा एका कानाला तो साधारण ५८ मायक्रोसेकंद आधी पोचतो. नसेतला एक संदेश स्वतःच जवळपास १ मिलिसेकंद टिकतो. त्याच्या सतराव्या हिश्श्याइतका फरक ओळखला जातो, तोही विचार न करता! हे काम कानातल्या शंखाकृती कॉक्लियात होत नाही, कारण एका कानाला दुसऱ्याची खबर नसते. दोन्हीकडचे संदेश पहिल्यांदा नीट समोरासमोर येतात ते मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, आणि वेळेची तुलना तिथंच होते.

उत्तरं सतत एकाच बाजूला झुकत असतील तर नळीची टोकं अदलाबदल करा. झुकाव नळीबरोबर फिरला तर नळी कुठंतरी दबली आहे किंवा खूण चुकली आहे. त्याच बाजूला राहिला तर दुसऱ्या कानात मळ असण्याची शक्यता आहे. नळी मानेला किंवा शर्टाला टेकू देऊ नका. कंपनं कातडीलाच कळतात. शाळा पोवई नाक्यासारख्या रहदारीच्या जागी असेल तर आतली खोली मागून घ्या.

चवीला कंदी पेढे. वेलदोडा न घातलेले सांगून घ्या. चार पेढे थोड्या दुधात मळून दोन गोळे करा. एकात एका वेलदोड्याच्या दाण्यांची, मलमलीतून चाळलेली पूड घाला. जास्त घातली तर जिभेला गारवा लागतो आणि ती खूण वासाची उरत नाही. दोन्ही गोळ्यांच्या हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. डोळे बांधा, नाक गोळी तोंडात घालण्याआधीच चिमटीत धरायला सांगा. दहा वेळा, उलटसुलट क्रमानं, ‘वेलदोडा आहे का?’ विचारा. मध्ये कोमट पाण्यानं चूळ. नुसत्या अंदाजानं पाचच्या आसपास बरोबर येतील. नाक बंद असूनही नऊ-दहा आले तर कुठंतरी गळती आहे: चिमटी ढिली, पूड जाड, किंवा देणाऱ्याच्या बोटांना वास. मग शेवटची गोळी तोंडात असतानाच नाक सोडायला सांगा. वेलदोडा एकदम येतो तो घशाच्या मागून नाकात चढलेल्या वासामुळे. जिभेवरच्या रुचिकलिका गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम, टोमॅटोतली रुचकर चव) एवढंच सांगतात. त्यांची खबर मस्तिष्कपुच्छातून, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकातून, थॅलॅमसमार्गे पुढे जाते. वासाची नस मात्र थॅलॅमसला न विचारता थेट मेंदूत शिरते. पावसाळ्यात निम्म्या वर्गाला सर्दी असते, तेव्हा हा प्रयोग हिवाळ्यावर ठेवा. मधुमेह किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्यांना वगळा.

टोकाला गोड, मागे कडू असा जिभेचा नकाशा तक्त्यावर लावू नका. १९०१ साली जर्मन शास्त्रज्ञ हॅनिग यांनी मोजलेले बारीकसे फरक पुढे चुकीच्या पद्धतीनं मांडले गेले आणि तो रूढ झाला. जिभेच्या टोकावर मिठाचा कण ठेवला की तिथं खारटही कळतं.

तिखटासाठी भडंग ठेवा, पण सगळ्यात शेवटी द्या, कारण तिखट रेंगाळतं आणि पुढची चाचणी बिघडवतं. नाक धरून खाल्ल्यावर लसणाचा वास जातो, मीठ कळतं आणि तिखट तसंच राहतं. तिखट ही चव नव्हे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या तंतूंनाच चेतवतं आणि त्यांची खबर चेहऱ्याच्या पाचव्या नसेतून जाते. टेबलाखाली दूध ठेवा. पाण्यानं कॅप्सेसिन धुतलं जात नाही.